घड्याळातले ७८ आणि वहीतले ६: ध्यानाची डिजिटल साधने निवडताना व ताण मोजताना फोंड्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

वर्षाताई गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका पतसंस्थेत हिशेब विभाग सांभाळतात. नाव बदलले आहे आणि ओळख पटेल असा तपशीलही बदलला आहे. वय ४६. घरी नवरा, बारावीतली मुलगी आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई. मार्चअखेर उरकली की पतसंस्थेतला ताण ओसरतो असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात एप्रिलपासून ऑडिट, ३१ जुलैच्या आत पहिल्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र आणि सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, असा सहा महिने रेटा चालूच असतो. त्यातच फेब्रुवारीत रोखपाल निवृत्त झाले आणि ती जागा रिकामीच राहिली.

मे महिन्यात त्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. पहाटे तीनला जाग येते, सकाळी जबडा दुखतो, छातीत जळजळते. रक्तदाब १३८/८८. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि ईसीजी ठीक निघाले. डॉक्टरांनी मीठ कमी करायला, चालायला आणि ध्यान करायला सांगितले. औषध सुरू केले नाही. पुढच्या मोजमापासाठी हे महत्त्वाचे ठरले, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गतीच बदलतात आणि मग आधीच्या-नंतरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

तिथून पुढे वर्षाताईंनी स्वतःच मार्ग शोधला. फोनवर ध्यानाची तीन ॲप घेतली, त्यांतल्या एकाची वर्षाची वर्गणी भरली. मनगटावर नवऱ्याने वाढदिवसाला दिलेले अडीच हजारांचे स्मार्टवॉच होतेच, आणि त्यात ‘ताण’ मोजायची सोय होती. रोज पहाटे साडेपाचला २० मिनिटे बसणे सुरू झाले. सलग ३७ दिवस जमले. अडतिसाव्या दिवशी सासूबाईंना ताप भरला, बसणे चुकले, ॲपवरची दिवसांची साखळी शून्यावर आली, आणि त्यानंतरचे नऊ दिवस त्या बसल्याच नाहीत.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या समुपदेशकांकडे आल्या तेव्हा पर्समध्ये एक वही होती. रोजचे दोन आकडे त्यात लिहिलेले: ध्यानाआधीचा ताण आणि ध्यानानंतरचा. बहुतेक दिवशी दुसरा आकडा मोठा. शेवटच्या नोंदीत ५२ आणि ७८. “मॅडम, ध्यानाने माझा ताण वाढतो, की मला ध्यान करताच येत नाही?” एवढेच त्यांना विचारायचे होते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या भेटीत त्यांना एक दिवस घड्याळाकडे किती वेळा पाहता याच्या रेघा मारायला सांगितले. वेळ पाहायला नव्हे, ताणाचा किंवा झोपेचा आकडा पाहायला. रेघा ३४ झाल्या. पहाटे तीनला जाग आली की आधी मनगट वळायचे, ‘गाढ झोप ४८ मिनिटे’ दिसायचे आणि उरलेली रात्र त्या आकड्याच्या काळजीत जायची. झोपेच्या आकड्यांपायी झोप बिघडण्याच्या या प्रकाराला अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव दिले. अधिकृत निदान म्हणून ते मान्य नाही, पण चित्र ओळखीचे आहे.

दुसऱ्या भेटीत घड्याळाचीच परीक्षा झाली. “वर्षाताई, घड्याळ काढा आणि या टॉवेलाला बांधा बघू.” छोटा टॉवेल मनगटाएवढा घट्ट गुंडाळला, त्यावर पट्टा आवळला. खालचे हिरवे दिवे लुकलुकले. अर्ध्या मिनिटात पडद्यावर ७४ ठोके दिसले. मग ‘ताण मोजा’ दाबले, तर टॉवेलाचा ताण ४१ आला. वर्षाताई बराच वेळ तो पडदा बघत बसल्या.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मनगटी घड्याळ नाडी थेट मोजत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते, रक्त त्यातला काही शोषून घेते, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीजास्तीवरून ठोक्यांचा अंदाज बांधते. लय सापडली नाही की चांगली घड्याळे ‘वाचता आले नाही’ असे सांगून थांबतात. स्वस्त घड्याळांपैकी अनेक जण थांबत नाहीत, काहीतरी आकडा दाखवतातच. पट्टा सैल असेल, मनगट हलत असेल किंवा हात गार पडला असेल, तरी तेच होते. आता ताणाचा आकडा हा तर त्या अंदाजावर रचलेला दुसरा अंदाज. ह्या घड्याळाच्या कंपनीने ताण काढायची रीत कुठेही जाहीर केलेली नव्हती.

आणखी एक शक्यता होती, आणि ती चांगल्या उपकरणांनाही लागू पडते. वर्षाताईंचे ॲप पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर अशी लय देत असे, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते आणि सोडताना कमी होते. हे चढउतार किती वेगाने होतात त्यावरून त्यांचे दोन पट्टे पाडतात: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ (सेकंदाला इतक्या लहरी) हा मंद पट्टा, ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा जलद पट्टा. एरवी आपण मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो, म्हणून श्वासाची लहर जलद पट्ट्यात पडते. मिनिटाला ६ म्हणजे ०.१ हर्ट्झ. तीच लहर सगळीच्या सगळी मंद पट्ट्यात सरकते. काही ॲप मंद आणि जलद पट्ट्यांचे गुणोत्तर घेऊन त्यालाच ‘ताण’ म्हणतात. माणूस जितका शांतपणे, संथ श्वास घेईल तितका त्यांचा आकडा वर चढतो. हृदयाचे ठोके टिपणारा छातीचा पट्टा बांधून हे पडताळले. नेहमीच्या श्वासाला वर्षाताईंचे गुणोत्तर १.४ होते, संथ श्वासाला ७ च्या वर गेले. त्या वेळी जबडा सैल होता, चेहरा निवांत होता, आणि “किती ताण वाटतो?” याला त्यांचे उत्तर होते “दहापैकी दोन”.

कोणते पर्याय पाहिले

इथे पहिला निर्णय असा झाला की ध्यान कशाने करायचे आणि ताण कशाने मोजायचा हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडायचे. ध्यानाच्याच ॲपने ताणाचा आकडा दिला की प्रत्येक बैठक परीक्षा होते. ह्या बाबतीत आमचे मत ठाम आहे.

मोजण्यासाठी सहा पर्याय समोर होते. महागडे घड्याळ घेणे हा नवऱ्याचा आग्रह होता. गार्मिनची घड्याळे ० ते १०० अशी पट्टी देतात: २५ पर्यंत विश्रांती, ५० पर्यंत कमी ताण, ७५ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. त्यामागचे गणित फर्स्टबीट या फिनलंडमधल्या कंपनीचे आहे आणि ते हृदयगतीतल्या चढउतारांवर, म्हणजे एचआरव्हीवर, उभे आहे. ॲपल वॉचही एचआरव्ही देते, पण एसडीएनएन या मापात. फिटबिट आणि ऑरा अंगठी झोपेतले आरएमएसएसडी हे दुसरे माप देतात. म्हणजे बहिणीच्या घड्याळात ६० आणि आपल्याकडे २२ दिसले म्हणून आपली प्रकृती तिच्या एक तृतीयांश आहे असे होत नाही. मापेच वेगळी आहेत, आणि एकाच मापातही दोन माणसांत दुपटी-तिपटीचा फरक सहज असतो. हा पर्याय सोडण्याचे खरे कारण मात्र वेगळे होते: ३४ वेळा मनगट बघणाऱ्या बाईला जास्त सुंदर पडदा देणे बरोबर नव्हते.

मेंदूच्या लहरी टिपणारा म्यूजसारखा डोक्याचा पट्टा लगेच बाद झाला. कपाळावरच्या विद्युत्-अग्रांना मेंदूपेक्षा जबड्याच्या आणि भुवयांच्या स्नायूंचे संकेत कितीतरी मोठे मिळतात, आणि वर्षाताईंची मूळ तक्रारच जबडा आवळण्याची होती. त्वचेची विद्युतवाहकता मोजणारी घड्याळे घामग्रंथींच्या हालचालीवर चालतात. पावसाळ्यातल्या फोंड्यात, अंगातून एकदम वाफा निघण्याची तक्रार असलेल्या बाईसाठी ते माप कशाचे म्हणायचे?

कॅमेऱ्यावर बोट ठेवून फोननेच एचआरव्ही मोजणे स्वस्त आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. एचआरव्ही-फोर-ट्रेनिंग ॲप तसे करते. चाचणीत वर्षाताईंची बोटे पहाटे गार असायची, दाब कमीजास्त व्हायचा आणि चारांतली एक नोंद वाया जायची. उरला छातीचा पट्टा. पोलर एच१० सारखा पट्टा हृदयाचे विद्युत्-संकेत टिपतो, प्रत्येक दोन ठोक्यांतले अंतर मिलिसेकंदांत देतो, आणि एलिट एचआरव्हीसारख्या ॲपला जोडता येतो. एका योगवर्गाकडे असा पट्टा होता. तो दहा आठवड्यांसाठी उसना मिळाला.

सहावा पर्याय कागदाचा. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या, जाणवणाऱ्या ताणाच्या प्रश्नावलीची दहा प्रश्नांची आवृत्ती, पीएसएस-१०. गेल्या महिनाभरात किती वेळा गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या, किती वेळा आत्मविश्वास वाटला, असे प्रश्न असतात. उत्तरे ० ते ४, एकूण गुण ० ते ४०. इथे एक चूक हमखास होते. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे: ४ चे ०, ३ चे १. वर्षाताईंनी इंटरनेटवरून घेतलेला कागद स्वतः भरून सरळ बेरीज केली होती, २०. उलटे गुण धरल्यावर २६ झाले. ही प्रश्नावली महिन्याची आहे, दर आठवड्याला भरून काही हाती लागत नाही. आणि तिच्यावरून निदान करायचे नसते.

म्हणून सोबत जीएडी-७ आणि पीएचक्यू-९ या चिंतेच्या व नैराश्याच्या चाळणी-प्रश्नावल्याही लावल्या. गुण अनुक्रमे ९ आणि ६. पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचे उत्तर शून्य होते. ते शून्य नसते, तर हे सगळे पट्टे आणि ॲप बाजूला ठेवून बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी किंवा टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत, २४ तास चालणारा क्रमांक, हाच रस्ता होता.

ध्यानाच्या ॲपची निवड तुलनेने लवकर झाली. काम् (Calm), हेडस्पेस ही ॲप वर्गणीची. आवाज गोड, आखणी नीट, पण वर्षाताईंकडचे सगळे धडे इंग्रजीत. “शब्द कळतात, पण मनात आधी त्यांचे मराठी होते, मग मी बसते,” असे त्या म्हणाल्या. मेडिटो आणि हेल्दी माइंड्स प्रोग्रॅम मोफत आहेत आणि चांगले आहेत, पण भाषेची अडचण तीच. इनसाइट टायमरमधला नुसता घंटेचा टायमर मोफत आहे: सुरुवातीला एक टोल, हवा तर मध्ये एक, शेवटी तीन. शेवटी ठरले ते असे: पहिले चार आठवडे स्वतः तयार केलेली मराठी ध्वनिफीत, पुढे फक्त घंटा.

जुन्या ॲपची वर्गणीही तेव्हाच बंद केली. फोनवरून ॲप काढून टाकले की वर्गणी थांबते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ती प्ले स्टोअरमध्ये जाऊन, सबस्क्रिप्शनच्या यादीतून रद्द करावी लागते. पैसे आपोआप कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे खरा, पण तो एसएमएस गर्दीत वाचायचा राहून जातो. आणि ॲपमधले खाते आधी पुसावे, मग ॲप काढावे. उलट केले तर माहिती कंपनीकडेच राहते.

काय केले

पहिले १४ दिवस ध्यानात काहीही बदल न करता फक्त मोजले. घड्याळ कपाटात गेले. ह्याला त्यांनी सर्वांत जास्त विरोध केला.

सकाळची रीत ठरवून दिली. उठायचे, लघवीला जाऊन यायचे, चहाच्या आधी पट्टा बांधायचा. पट्ट्याच्या आतल्या रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या करायच्या, कोरड्या राहिल्या तर पहिली दोन मिनिटे नुसता गोंधळ येतो. पट्टा स्तनांच्या लगेच खाली, खोल श्वास घेता येईल पण सरकणार नाही इतपत. रोज तीच खुर्ची, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. एक मिनिट नुसते बसायचे, मग पाच मिनिटांची नोंद. पाच मिनिटे यासाठी, की १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत छोट्या नोंदीसाठी तोच काळ ठरला आहे. मोजताना श्वास मुद्दाम संथ करायचा नाही. वेळ पावणेसहा, कारण सहाच्या सुमाराला पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो आणि कुत्री भुंकायला लागतात.

ॲपवरच्या दहा आकड्यांतला एकच लिहायचा, आरएमएसएसडी. ठोक्यांमधल्या लागोपाठच्या दोन अंतरांतला फरक काढायचा, त्यांचे वर्ग, वर्गांची सरासरी आणि तिचे वर्गमूळ. शांत स्थितीत हृदयावर, त्याची गती मंद करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा ताबा किती आहे, याचा तो अंदाज देतो.

नवव्या दिवशी हा आकडा २४ च्या आसपासून एकदम ४८ वर गेला आणि वर्षाताईंनी आनंदाने फोन केला. ठोक्यांमधल्या अंतरांची मूळ यादी उघडून पाहिली, मिलिसेकंदांत. ८१२, ८२०, ८०६, ४८०, ११३०, ८१५. मध्येच एक ठोका लवकर पडला होता आणि त्यानंतर मोठा विराम. असे चुकार ठोके निरोगी माणसालाही अधूनमधून येतात. पण हिशेब पाहा: एरवी २४ असणाऱ्या ३७० ठोक्यांच्या नोंदीत असा एकच ठोका शिरला, की वर्गांच्या बेरजेत सव्वासहा लाखांहून जास्त भर पडते आणि उत्तर दुप्पट होते. हिशेबनीस बाईला हे एका मिनिटात पटले. तेव्हापासून ॲपमधली दुरुस्तीची सोय चालू ठेवली, आणि चुकार ठोके दोनपेक्षा जास्त असतील तर ती नोंद टाकून द्यायची असे ठरले. १४ पैकी ११ नोंदी वापरण्यासारख्या निघाल्या. सरासरी २२, सर्वांत कमी १५, सर्वांत जास्त ३१. म्हणजे काहीही न बदलता हा आकडा सहज दुप्पट-अर्धा होतो. हे आधी माहीत नसते, तर पुढच्या प्रत्येक चढउताराला ध्यानाचे श्रेय नाहीतर दोष मिळाला असता.

पट्ट्याच्याही खोड्या असतात. पहिल्याच महिन्यात बॅटरी संपली, कारण नोंद झाल्यावर सेन्सरचे बटण पट्ट्यावर तसेच राहायचे. ओल्या पट्ट्याला त्वचा समजून ते चालू राहते. बटण काढून ठेवायचे, पट्टा साध्या पाण्यात खळबळून पंख्याखाली वाळवायचा. जुलैच्या दमट हवेत नुसता खुंटीला टांगला तर तिसऱ्या दिवशी वास मारतो आणि कातडीवर पुरळ उठते.

रात्री नऊला वहीत एक ओळ: दिवसभराचा ताण ० ते १०, आणि कारण पाच शब्दांत. दुसरे काही नाही.

ध्वनिफीत मुलीने वाचून दिली. १२ मिनिटांची, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. मजकूर दीड पानाचा, बाकी सगळी शांतता: सुरुवातीला वाक्यावाक्यांत दहा सेकंद, मध्यावर वीस, शेवटी चाळीस. फाइल फोनवरच ठेवली, कारण पावसाळ्यात वीज गेली की वायफाय जाते आणि ऑनलाइन चालणारे ध्यान अर्ध्यात तुटते. फोन फ्लाइट मोडवर, पालथा.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. ध्वनिफितीत पायांपासून डोक्यापर्यंत लक्ष नेण्याची रीत होती. लक्ष छातीपाशी आले की वर्षाताईंना हृदयाचे ठोके मोठ्याने ऐकू यायचे, घशाशी यायचे, त्या डोळे उघडायच्या. इथे दोन मते होती. त्या योगवर्गाच्या शिक्षकांना वाटले की चिकाटी धरावी, ठोके आपोआप मागे पडतील. समुपदेशकांना वाटले की महिनाभर स्वतःच्या हृदयाचे आकडे बघत आलेल्या बाईला पुन्हा हृदयावरच बसवणे योग्य नाही. दुसरे मत मान्य झाले. डोळे अर्धे उघडे, नजर दोन हातांवरच्या जमिनीवर, लक्ष आवाजावर: कौलांवरचा पाऊस, पागोळ्या, दूरवरची बस. वेळ १२ वरून ८ मिनिटांवर आणली. चौथ्या दिवसापासून त्या पूर्ण वेळ बसू लागल्या.

वहीने मात्र वेगळीच गोष्ट दाखवली. चार आठवड्यांच्या नोंदी तारीखवार मांडल्या. ३१ जुलैच्या आधीचे तीन दिवस ८ होते, ते अपेक्षितच. पण दर सोमवारी आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ६ आणि ७ दिसत होते, आणि पाच शब्दांचे कारण जवळजवळ तेच: “कॅश पण मीच, पासिंग पण”. रोखपालाची जागा रिकामी असल्याने गर्दीच्या दिवशी रोकड वर्षाताईच मोजत होत्या आणि त्याच व्यवहारांची व्हाउचर त्याच मंजूर करत होत्या. ऑडिटमध्ये ह्यावरच बोट ठेवले जाणार याची धास्ती त्यांना रोज होती, फक्त ती ‘ताण’ या नावाखाली त्यांनी मांडलेली नव्हती. त्यांनी ते पान व्यवस्थापकांना दाखवले. ध्यानाबद्दल एक शब्द नाही, फक्त तारखा आणि एकाच व्यक्तीकडे दोन्ही कामे असल्याची जोखीम. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून एका कारकुनाला रोकड शिकवायला सुरुवात झाली.

पहाटे तीनच्या जागेसमोर वहीत “घाम, पंखा लावला” असे सहा वेळा आले होते. समुपदेशकांनी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. रजोनिवृत्ती जवळ आल्याची ती लक्षणे निघाली. जुने घड्याळ त्याच वेळेला ‘तीव्र ताण’ म्हणत आले होते.

परिणाम

आठ आठवड्यांत ५६ पैकी ४१ दिवस बैठक झाली. साखळी मोजली नाही, दर आठवड्याला पाच दिवस पुरेत एवढाच करार होता. पीएसएस-१० चे गुण २६, मग चौथ्या आठवड्यात २३, आठव्यात १८. जीएडी-७ चे ९ वरून ५. वहीतली आठवड्याची सरासरी ६ वरून ४. रक्तदाब १३०/८४. जबड्याचे दुखणे कमी, पण गेले नाही. पहाटेची जाग आठवड्यातून पाच वेळांवरून दोनवर.

आणि आरएमएसएसडी? शेवटच्या १४ दिवसांची सरासरी २४. सुरुवातीला २२ होती. १५ ते ३१ इतके हलणाऱ्या मापात दोनचा फरक म्हणजे काहीच नाही, आणि तसेच त्यांना सांगितले. शरीराचे माप जागेवर राहिले आणि बाई मात्र बऱ्या झाल्या. दोन्ही मापे आपापल्या जागी खरी असू शकतात: एक पहाटेच्या पाच मिनिटांतली हृदयाची स्थिती सांगते, दुसरे महिनाभर जगणे कसे वाटले ते.

सुधारणा ध्यानाने झाली, की रोकडीचे काम दुसऱ्याकडे गेल्याने, की घड्याळ कपाटात गेल्याने, हे या नोंदींतून वेगळे काढता येत नाही. पीएसएसचे तीन गुण कारकून येण्याआधी उतरले आणि पाच नंतर, एवढे तारखांवरून दिसते.

आता केले तर काय वेगळे

घड्याळ पहिल्याच भेटीत काढायला हवे होते. टॉवेलाचा प्रयोग दुसऱ्या भेटीवर ढकलला, त्यात आठ दिवस त्या आणखी आकडे लिहीत राहिल्या.

छातीचा पट्टा लागलाच होता का, यावर अजूनही दुमत आहे. त्याने एक काम चोख केले: ७८ हा आकडा पोकळ आहे हे आकड्यांवर विश्वास असलेल्या व्यक्तीला आकड्यांनीच पटवले. पण त्यासाठी तीन सकाळी पुरल्या असत्या. दहा आठवडे रोज मोजल्याने नवव्या दिवसाचा तो आनंद आणि चार-पाच सकाळची निराशा विनाकारण वाट्याला आली. पुन्हा करायचे झाले तर सुरुवातीला १४ दिवस आणि शेवटी १४ दिवस, मधे फक्त वही. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आरएमएसएसडी साधारणपणे खाली येते, म्हणून पाळी नियमित असलेल्या बाईच्या दोन्ही नोंदी चक्राच्या एकाच टप्प्यावर घ्याव्या लागतील.

शरीरभर लक्ष नेण्याची रीत द्यायच्या आधी “छातीकडे लक्ष गेले की काय होते?” एवढा प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही म्हणून तिसरा आठवडा वाया गेला. कोणाला त्यातून घाबरे होऊन घामच फुटला किंवा जुना आघात आठवू लागला, तर रीत बदलूनही भागणार नाही, बैठक थांबवून डॉक्टरांकडे जावे लागेल.

शेवटची मोजणी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) ऐन आधीच्या आठवड्यात आली हेही चुकले. घर साफ करणे, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांचे) सामान, पाहुण्यांची यादी, आणि वहीत तीन दिवस पुन्हा ७. ती मोजणी आठवडाभर आधी घ्यायला हवी होती.

पट्टा धुऊन, बटण वेगळे काढून योगवर्गाला परत गेला आहे. वही सुरू आहे, दर रात्री एक ओळ. पुढची पीएसएस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भरायची असे कॅलेंडरवर लिहिले आहे, वर्षअखेरीचे काम सुरू व्हायच्या आधी.